सिस्टरचं म्हणणं

कुठल्याही नर्सिंग कॉलेजच्या ग्रंथालयात एम.एस्सी.च्या प्रबंधांचं एक कपाट असतं. काळं किंवा गडद निळं रेक्झिनचं बाइंडिंग, त्यावर सोनेरी अक्षरं. एकेक शीर्षक वाचत गेलं की लक्षात येतं, त्यातली पुष्कळशी एकाच साच्यातली आहेत: अमुक शहरातल्या निवडक रुग्णालयांतील अमुक गटाच्या तमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा होणारा परिणाम. गट कधी बाळंतिणींचा, कधी मधुमेहींचा, कधी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींचा. विषय कधी स्तनपान, कधी पायांची निगा, कधी हात धुणं. आत आधी प्रश्नावली, मग शिकवणं, आठवड्याने तीच प्रश्नावली, मग टी-टेस्ट, आणि निष्कर्ष असा की शिकवल्यामुळे ज्ञानात लक्षणीय वाढ झाली. संकल्पनात्मक चौकट म्हणून बर्टालान्फीच्या जनरल सिस्टिम थिअरीची आकृती: इनपुट, थ्रूपुट, आउटपुट आणि खालून परत येणारा फीडबॅकचा बाण.

या प्रबंधांना नावं ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यातल्या प्रत्येकामागे ड्युट्या सांभाळून, मूल आईकडे ठेवून, कर्ज काढून शिकलेली एक बाई आहे, हल्ली कधी एक पुरुषही. एम.एस्सी. नर्सिंगला नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना संशोधन आणि लेखन शिकवण्यात माझ्या नोकरीचा मोठा काळ गेला. वॉर्डात जिच्या नजरेतून काही सुटत नाही तीच मुलगी कागदापुढे बसली की कुणीही, कुठेही लिहिली असती अशी वाक्यं का लिहिते, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

यावर नेहमीचं उत्तर इंग्रजीचं असतं. मुलींचं इंग्रजी कच्चं, म्हणून लेखन कच्चं. इंग्रजीची अडचण खरी आहे आणि मी ती कमी लेखत नाही. बारावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे जीएनएम पदविका किंवा बी.एस्सी. इंग्रजीतून, म्हणजे पुष्कळदा पाठांतरातून. पण व्याकरण नीट करून दिलं तरी परिच्छेद पोकळ राहतो हे मी वारंवार पाहिलं आहे. उलट कधी मोडक्यातोडक्या इंग्रजीतला असा एखादा परिच्छेद हाती येतो, की लिहिणारीला काहीतरी सांगायचं आहे हे दुसऱ्याच ओळीला कळतं. त्याचं इंग्रजी अर्ध्या तासात सुधारता येतं. माझ्या मते मूळ दुखणं दुसरीकडे आहे. आपलं काही म्हणणं असू शकतं, ते मांडायचा आपल्याला हक्क आहे आणि ते पुराव्यानिशी मांडायची जबाबदारीही आपलीच आहे, हे या मुलींना आजवर कुणी सांगितलेलंच नसतं. शैक्षणिक लेखन शिकवायचं ते इथून.

हे असं का झालं ते परिचर्येच्या इतिहासात दिसतं. काशीबाई गणपत १८९१ साली मुंबईच्या कामा हॉस्पिटलात प्रशिक्षणाला आल्या. भारतात नर्सिंगचं शिक्षण घेतलेली पहिली भारतीय स्त्री म्हणून पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव येतं. तिथपासून पदवी अभ्यासक्रम सुरू व्हायला १९४६ साल उजाडलं, दिल्लीत आणि वेल्लोरला. पदव्युत्तर शिक्षण दिल्लीत १९५९ मध्ये आलं, आणि मुंबईत एस.एन.डी.टी.चं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ मध्ये. म्हणजे पिढ्यान् पिढ्या नर्स घडली ती रुग्णालयाची शिकाऊ कामगार म्हणून: सांगितलेलं अचूक करणारी, वरिष्ठ आल्या की उठून उभी राहणारी, उलट न विचारणारी. त्या शिस्तीने असंख्य जीव वाचवले. निर्जंतुकीकरणात किंवा औषधाच्या डोसात मनाला येईल तसं करून चालत नाही. पण तीच शिस्त वहीतही शिरली. बी.एस्सी.ची चार वर्षं मुली प्रॅक्टिकल रेकॉर्ड, प्रोसिजर बुक, केस स्टडी, केअर प्लॅन यांची बाडं लिहितात. रात्र रात्र जागून, चौकटी आखून, रंगीत पेनांनी. त्यातलं पुष्कळसं सीनियरच्या फाइलवरून उतरवलेलं असतं आणि तपासणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं. फाइल पूर्ण आहे का, अक्षर सुवाच्य आहे का, अनुक्रमणिका आहे का, एवढं बघून सही होते. चार वर्षं ज्या कामाला मार्क मिळाले ते काम म्हणजे नक्कल. मग एम.एस्सी.च्या पहिल्या सहामाहीत तिला विचारायचं की यावर तुमचं मत काय, तर ती बिचकणार नाही तर काय करील?

तिच्याकडे लेखनाची शिदोरीच नसते असं मात्र नाही. ती असते, आणि चांगली असते. रात्रपाळीच्या नर्सेस नोट्स बघा. ‘रात्री २:१०. रुग्ण अस्वस्थ, अंथरुणात उठून बसण्याचा प्रयत्न. श्वास मिनिटाला ३२. कपाळावर घाम. लघवी सहा तासांत १५० मिली, गडद. डॉक्टरांना २:१५ ला कळवले.’ वेळ आहे, माप आहे, रंग आहे. एकही विशेषण फुकट खर्ची पडलेलं नाही. न्यूमोनिया झाला आहे असं ती लिहीत नाही, कारण निदान तिच्या अखत्यारीत नाही. जे पाहिलं तेवढंच लिहिते. निरीक्षण आणि अनुमान यांच्यामधली ही सीमा पाळायला विद्यापीठांतल्या इतर शाखांच्या विद्यार्थ्यांना वर्षं लागतात. नर्सला ती वॉर्डाने आधीच शिकवलेली असते. फरक इतकाच की वॉर्डातलं तिचं वाक्य ‘कळवले’ या शब्दापाशी संपतं, आणि विद्यापीठाला हवं असलेलं लेखन त्याच्या पुढच्या पावलाला सुरू होतं. हे का झालं असावं? आणखी कुणाला असं दिसलं आहे का? मी हे कशाच्या आधारावर म्हणते?

म्हणून नव्या तुकडीचा पहिला लेखी स्वाध्याय मी मराठीत देते. एक पान. तुमच्या नोकरीतला असा प्रसंग लिहा, की तुम्हाला काहीतरी कळलं होतं आणि ते दुसऱ्या कुणाला पटलं नव्हतं किंवा दिसलंच नव्हतं. संदर्भ नकोत, व्याख्या नकोत, ‘प्रस्तावना’ हा शब्दही नको. ही युक्ती माझी नाही. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेने ‘फ्रॉम नोव्हिस टु एक्स्पर्ट’ हे पुस्तक १९८४ मध्ये काढलं, ते नर्सेसनी सांगितलेल्या अशाच प्रसंगांच्या आधारावर. नवखी नर्स नियमाला धरून चालते आणि मुरलेली नर्स परिस्थिती एका नजरेत वाचते, ही तिची मांडणी आपल्या अभ्यासक्रमात सगळे पाठ करतात. त्याच मांडणीतली एक गोष्ट मी मुलींना मुद्दाम सांगते: मुरलेली नर्स अनोळखी विभागात गेली की पुन्हा नवखी होते. आयसीयूत सात वर्षं काढलेली सिस्टर लेखनाच्या वर्गात चाचपडते, यात तिच्या बुद्धीचा काही दोष नाही.

अशाच एका पानाची गोष्ट सांगते. एका जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात काम केलेली एक विद्यार्थिनी होती. तिने प्रबंधाचा विषय आणला तो वर सांगितलेल्या साच्यातलाच: कांगारू मदर केअरबद्दल मातांच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम. कमी वजनाचं बाळ आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवायचं ही पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांनी सुरू केली. इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून ती सुरू झाली आणि आज जगभर तिची शिफारस होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तर दिवसाला आठ ते चोवीस तास सांगतात. तेव्हा विषय महत्त्वाचा होता यात शंका नाही.

पण तिचं मराठी पान वेगळंच बोलत होतं. त्यात लिहिलं होतं की आमच्याकडच्या आयांना कांगारू केअर चांगलं माहीत होतं. आम्ही रोज सांगायचो, भिंतीवर चित्रं होती. तरी दुपारनंतर बाळ छातीवर दिसायचं नाही. कक्षात टेकून बसता येईल अशा खुर्च्या दोनच होत्या. सिझेरियन झालेली बाई स्टुलावर किती वेळ बसणार? रात्री आयांना वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात पाठवायचे. सासूबाई भेटीला आल्या की गाऊनची बटणं लावून बाळ परत पाळण्यात जायचं. हे तिने तक्रार म्हणून लिहिलं नव्हतं. पाळी संपताना ओव्हर देतात तसं, सरळ लिहिलं होतं.

मी तिला विचारलं, मग तुझ्या प्रश्नावलीने काय मोजलं जाणार आहे? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मॅडम, त्यांना जे आधीच येतं तेच मी त्यांना पुन्हा विचारणार आहे.’

तिथे तिचा प्रश्न बदलला. कक्षातल्या बाळांना प्रत्यक्षात दिवसाचे किती तास कांगारू केअर मिळतं आणि ते कशामुळे तुटतं? यासाठी टी-टेस्ट लागली नाही. पाळण्याला अडकवलेला एक साधा तक्ता लागला, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ आणि थांबण्याचं कारण लिहायला. तिच्या पुढच्या सगळ्या लेखनात फरक पडला. संदर्भसाहित्य वाचताना ती आता शोधत होती, की इतर ठिकाणी काय आड आलं. वाक्यं आखूड झाली. एक जागा तर अशी आली की तिने एका परदेशी अभ्यासाच्या शेजारी समासात लिहिलं, ‘यांच्याकडे खुर्ची होती.’ माझ्या लेखी तिचं शैक्षणिक लेखन सुरू झालं ते त्या समासातल्या टिपणापासून.

त्या एकसारख्या शीर्षकांवर माझा खरा आक्षेप हाच आहे. रुग्णाला, आईला, विद्यार्थिनीला माहिती नाही म्हणून सगळं बिघडतं, हे त्या साच्यात आधीच गृहीत धरलेलं असतं. खुर्ची, दार, पाण्याचा नळ, पाळीतली माणसं, घरातली सत्ता हे काहीच त्यात मावत नाही. नर्सला मात्र ते रोज दिसतं. साचा सोपा आहे, नैतिकता समितीतून विनाअडथळा पार होतो, वेळेत संपतो, मार्गदर्शकांनाही सवयीचा असतो. म्हणून तो टिकून आहे. पण त्याच्या आधाराने लिहायला शिकलेली मुलगी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला शिकत नाही.

आणि त्या डोळ्यांची किंमत काय असते? कुठल्याही अनुभवी सिस्टरला विचारा. ‘सर, पेशंट मला बरा वाटत नाहीये.’ समोरून उत्तर येतं, व्हायटल्स तर ठीक आहेत. ती पुन्हा सांगू शकत नाही, कारण आकडा हातात नाही. नेदरलँड्समधल्या खूस्के डाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी हीच काळजी अभ्यासाचा विषय केली. २०१५ मध्ये ‘क्रिटिकल केअर’ या नियतकालिकात त्यांनी आधीच्या अभ्यासांचा आढावा छापला. नर्सला काळजी वाटते तेव्हा तिने नेमकं काय पाहिलेलं असतं, याची त्यांनी फोड केली: श्वासातला बदल, त्वचेचा रंग, वागण्यातली बेचैनी, अपेक्षेप्रमाणे सुधारणा न होणं, रुग्णाने स्वतः ‘मला बरं वाटत नाही’ म्हणणं. आणि ‘कारण सांगता येत नाही पण कळतंय’ हेही त्यांनी एक लक्षण म्हणून नोंदवलं. महाराष्ट्रातल्या हजारो वॉर्डांत हे ज्ञान आहे. ते तोंडी राहतं आणि सिस्टर निवृत्त झाल्या की त्यांच्याबरोबर जातं.

अरुणा शानबाग यांची आठवण इथे येते. मुंबईच्या केईएममधल्या या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला. मे २०१५ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्या तिथेच होत्या आणि नर्सेसच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. त्यांच्याबाबतचा २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दयामरणाच्या प्रश्नावर होता. त्यात ओघाने नोंद झाली, की इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांना बेडसोर झाला नव्हता. आपण ती नोंद वाचतो आणि सेवाभाव म्हणून हात जोडतो. सेवाभाव होताच. पण त्यामागे कौशल्यही होतं: किती तासांनी कूस बदलायची, खायला काय द्यायचं, त्वचा कोरडी कशी ठेवायची, आणि एवढ्या बदल्या, निवृत्त्या होत असताना हा क्रम न तुटता पुढच्या पाळीच्या हाती कसा द्यायचा. या कौशल्याची जागा निकालपत्रातल्या एका ओळीपेक्षा मोठी आहे. अमेरिकेत बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी बेडसोरचा धोका ओळखण्याची समज १९८७ मध्ये सहा निकषांच्या मापनपट्टीत मांडली. आपल्या मुली ती ब्रेडन स्केल पाठ करतात आणि चार्टवर भरतात. ती नर्सिंगच्याच बायकांनी लिहिली आहे, हे सांगितलं की वर्गात काही जणी मान वर करून बघतात.

लिहिण्याइतकंच वाचायलाही शिकवावं लागतं. पहिल्या सहामाहीत तीस शोधनिबंध वरवर चाळण्यापेक्षा एकच निबंध महिनाभर वाचावा, या मताची मी आहे. त्यासाठी मी लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातला २००२ सालचा निबंध घेते. पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं, दोन लाखांहून अधिक शस्त्रक्रियेचे रुग्ण. निष्कर्ष असा, की प्रत्येक नर्सच्या वाट्याला एक रुग्ण जास्त आला तर दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याच्या संभाव्यतेत ७ टक्के वाढ आढळते. मी सांगते, हे एका वाक्यात स्वतःच्या शब्दांत लिहा. जवळजवळ सगळ्या लिहितात, ‘नर्स कमी असल्यामुळे रुग्ण दगावतात.’ वाक्य मनापासून आलेलं असतं, कारण चाळीस खाटांना दोन सिस्टर हे त्यांनी भोगलेलं असतं. पण निबंध तसं म्हणत नाही. तो संबंध आढळला म्हणतो. कारण-परिणाम सिद्ध झाला म्हणत नाही. मग मी त्यांना त्यांच्याच नर्सेस नोट्स दाखवते. तुम्ही रात्री अडीच वाजता न्यूमोनिया लिहीत नाही, श्वास ३२ लिहिता. एकननेही तेच केलं आहे. हा धागा जुळला की शब्द जपून वापरण्याचा धडा मला वेगळा द्यावा लागत नाही.

त्यानंतर येतो साहित्याचा आढावा, आणि सगळ्यात जास्त प्रबंध तिथेच कोसळतात. अमुक यांनी अमुक साली अमुक ठिकाणी अभ्यास केला, नमुना १००, निष्कर्ष असा. पुढचा परिच्छेद: तमुक यांनी तमुक साली. अशी पंधरा-वीस पानं. त्यात लिहिणारी कुठेच नसते. मी सांगते, दोन निबंध शेजारी ठेवा आणि त्यांना एकमेकांशी बोलायला लावा. एकनचाच २०१४ चा ‘लॅन्सेट’मधला निबंध घ्या. युरोपातले नऊ देश, ३०० रुग्णालयं, आणि पुन्हा तोच ७ टक्क्यांचा आकडा. शिवाय पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी कमी. आता तुमच्या वॉर्डाकडे बघा. एका मुलीने लिहिलेला परिच्छेद साधारण असा होता:

‘दोन खंडांतल्या अभ्यासांत रुग्णांची वाढती संख्या आणि मृत्यू यांचा सारखाच संबंध दिसतो, त्यामुळे तो एका देशाच्या व्यवस्थेपुरता नसावा. मात्र दोन्हीत मोजणी नर्सेसची आहे. आपल्या सरकारी रुग्णालयांत भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सलाइन संपल्याचं सांगणं ही कामं मोठ्या प्रमाणावर नातेवाईक करतात. त्यामुळे आपल्याकडे नर्समागे रुग्ण किती, या आकड्यातून रुग्णाला मिळणारी काळजी पूर्ण कळत नाही. नातेवाईक नसलेल्या रुग्णाचं काय होतं, हे वेगळं पाहावं लागेल.’

शेवटचं वाक्य वाचून वर्ग शांत झाला. बेवारस रुग्ण प्रत्येकीने पाहिलेला असतो. इंग्रजी शैक्षणिक लेखनाचे अभ्यासक जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये शोधनिबंधाच्या प्रस्तावनेची चाल दाखवून दिली: क्षेत्र सांगा, त्यातली रिकामी जागा दाखवा, ती जागा तुम्ही कशी भरणार ते सांगा. ही चाल तक्त्यासारखी शिकवली तर मुली त्याचीही नक्कल करतात. ‘या विषयावर फारसं संशोधन झालेलं नाही’ हे वाक्य प्रत्येक प्रबंधात येतं आणि बहुधा खोटं असतं. रिकामी जागा वॉर्डातून दिसावी लागते.

मराठीतून सुरुवात करण्याबद्दल सहकाऱ्यांचे आक्षेप मला ठाऊक आहेत. परीक्षा इंग्रजीत, प्रबंध इंग्रजीत, मग दुप्पट काम कशाला? अनुभव असा की काम वाढत नाही. कच्चा मसुदा मराठीत, वऱ्हाडीत, अहिराणीत, जसा सुचेल तसा उतरला की विचाराची हाडं दिसतात. कुठे ‘कारण’ आहे, कुठे ‘तरी’ आहे, कुठे नुसतं ‘आणि’ आहे, हे मुलीला स्वतःला कळतं. इंग्रजीत थेट लिहिताना तिचं सगळं लक्ष क्रियापदाच्या काळावर असतं आणि मुद्दा निसटतो. तांत्रिक शब्द इंग्रजी राहिले तरी काही बिघडत नाही. वॉर्डात आपण तसंच तर बोलतो.

आता नकलेबद्दल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य क्षम्य आहे. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत मसुदा पुन्हा लिहावा लागतो, ६० टक्क्यांपर्यंत वर्षभराची बंदी येते आणि त्याच्या वर नोंदणीच रद्द होते. नियम हवेतच. पण त्यांचा परिणाम असा झाला की मुली साम्याचा आकडा खाली आणायला शिकल्या. कॉलेजबाहेरच्या डीटीपी सेंटरमध्ये टायपिंग, बाइंडिंग, आकडेमोड आणि ‘टक्का कमी करून देणं’ असं सगळं एका छपराखाली मिळतं. शब्द फिरवले जातात, वाक्य उलटं केलं जातं, अर्थाची वाट लागते. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि हे काम मोबाइलवर होऊ लागलं. अशी साधनं अस्तित्वात नसलेले संदर्भ बनवून देतात, हे मी वर्गात प्रत्यक्ष दाखवते: मिळालेला प्रत्येक संदर्भ पबमेडवर शोधायचा, सापडला नाही तर खोडायचा, सापडला तर सारांश वाचून तो खरंच तसं म्हणतो का ते बघायचं. भाषा सुधारण्यासाठी यंत्राची मदत घेऊ नये असं मी म्हणणार नाही. वाशीमच्या मुलीला लंडनच्या मुलीइतकं सफाईदार इंग्रजी मिळणार असेल तर ते न्यायाचंच आहे. पण म्हणणं तिचं असलं पाहिजे. ते ओळखायला मी सोपी रीत ठेवली आहे. मसुदा बाजूला ठेवायचा आणि मराठीत विचारायचं, ‘सिस्टर, यात तुम्ही काय म्हणताय?’ जिने स्वतः लिहिलं असेल ती दोन मिनिटं न थांबता बोलते.

मार्गदर्शकांबद्दलही बोलायला हवं, कारण विद्यार्थ्यांइतकीच आमचीही शिकायची गरज आहे. आपल्याकडे सिनॉप्सिसची तारीख डोक्यावर आली की घाईत विषय ठरतो, मधे महिनोन् महिने काही तपासलं जात नाही, आणि सबमिशनच्या आठवड्यात दीडशे पानांवर लाल पेनाने स्पेलिंगं दुरुस्त होतात. त्या वेळी ‘तुझा प्रश्नच चुकलाय’ असं सांगून काय उपयोग? दर पंधरा दिवसांनी एक पान, आणि त्या पानावर मार्गदर्शकाचे दोनच प्रश्न, एवढं जरी पाळलं तरी प्रबंध वेगळा होतो. प्रश्न मजकुराबद्दल असावेत: हे तुला कसं कळलं? कुणाला हे पटणार नाही? स्पेलिंग शेवटी बघू. आणि मुलींनी एकमेकींची पानं वाचावीत. वॉर्डात त्या एकमेकींचे डोस तपासतात. औषध देण्याआधी दुसरीला दाखवून घेण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. तीच रीत लेखनाच्या वर्गात आणली की कच्चा मसुदा दाखवायची लाज जाते.

हे सगळं होण्यासाठी वेळ लागतो आणि वेळ व्यवस्थापनाने द्यावा लागतो. एम.एस्सी.च्या विद्यार्थिनींकडून कनिष्ठ वर्गांचे तास, परीक्षांची कामं, तपासणीच्या वेळच्या फायली, प्रदर्शनांचे तक्ते असं सगळं करून घेतलं जातं. उरलेल्या वेळात रात्री अकरा वाजता त्यांनी विचार करून लिहावं अशी अपेक्षा असते. आठवड्यातली एक सकाळ लेखनासाठी राखून ठेवावी, तिच्यावर दुसरं काम टाकू नये, हे मी कॉलेजांच्या बैठकांत सांगत आले आहे आणि इथेही सांगते.

आणखी एक गोष्ट नियमात यावी अशी माझी मागणी आहे. प्रबंधाच्या प्रती ग्रंथालयात आणि विद्यापीठात जातात. ज्या वॉर्डातून माहिती गोळा झाली तिथे काहीच जात नाही. प्रत्येक विद्यार्थिनीने त्या वॉर्डासाठी दोन पानांचं मराठी टिपण लिहावं: काय विचारलं, किती जणांना विचारलं, काय आढळलं, काय आढळलं नाही, आणि उद्यापासून काय बदलता येईल. हे टिपण लिहायला फार अवघड असतं, कारण ज्या वाचणार त्यांना त्यातलं प्रत्येक वाक्य दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेपाशी तपासून बघता येतं. त्याचा पहिला मसुदा इन्चार्ज सिस्टरना वाचायला द्यावा, आणि त्या जे प्रश्न विचारतील ते प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात, मर्यादांच्या भागात, त्यांच्याच शब्दांत घालावेत.